बिअरशेजारी डायपर: वॉलमार्टने असं काही केलं नव्हतं

मार्केटिंगच्या वर्गात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणारी गोष्ट अशी: शुक्रवारी संध्याकाळी डायपर घ्यायला आलेले तरुण बाप सोबत बिअरही उचलतात, हे वॉलमार्टच्या कॉम्प्युटरने हेरलं. लगेच दोन्ही वस्तू शेजारी मांडल्या आणि विक्री धडाधड वाढली.

गोष्ट झकास आहे, पण दुकान चुकलंय. १९९२ साली टेराडेटा या डेटा-विश्लेषण करणाऱ्या कंपनीतल्या थॉमस ब्लिशॉक यांच्या गटाने अमेरिकेतल्या ऑस्को ड्रग या औषध-दुकानांच्या साखळीची बिलं तपासली. सुमारे २५ दुकानं, १२ लाख बिलं. त्यात संध्याकाळी ५ ते ७ या वेळात बिअर आणि डायपर एकत्र विकले जाताना दिसले, इतकंच. फळांचा रस आणि खोकल्याचं औषध अशाही जोड्या निघाल्या. त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात गंमत नाही.

ऑस्कोने बिअर हलवली नाही, डायपरही नाही. मग विक्री वाढली कुठून? शुक्रवार आणि तरुण बाप ही तर मागाहून चढवलेली फोडणी. साध्या बिलावर काय घेतलं, किती वाजता, हे छापलेलं असतं. घेणारा बाप की आई, हे नाही.

आपल्याकडे तर २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवू देण्याच्या निर्णयावरूनच केवढं रण पेटलं होतं! तरी गोष्ट इथेही तितक्याच विश्वासाने सांगितली जाते.