तरुण प्लाझ्मा उपचार

रक्तातल्या पेशी वेगळ्या काढल्यावर जो पिवळसर द्रव उरतो तो प्लाझ्मा. तरुण दात्यांचा प्लाझ्मा प्रौढ किंवा वृद्ध माणसाला शिरेतून दिला तर म्हातारपण लांबणीवर पडते, या आशेवर विकला जाणारा उपचार म्हणजे तरुण प्लाझ्मा उपचार. अमेरिकेत २०१६ ते २०१९ या काळात अँब्रोझिया या कंपनीने तो उघडपणे पैसे घेऊन केला. वार्धक्यरोधक उपचारांच्या बाजारात विज्ञान, आशा आणि पैसा एकमेकांत कसे मिसळतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.

या कल्पनेचा उगम प्रयोगशाळेत आहे. दोन प्राण्यांची कातडी शिवून त्यांचे रक्ताभिसरण एक करण्याच्या तंत्राला पॅराबायोसिस म्हणतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८६४ मध्ये ते वापरले. १९५० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी वृद्ध आणि तरुण घुशींच्या ६९ जोड्या अशा जोडल्या. त्यांतल्या ११ जोड्या कारण न कळता दगावल्या. २००५ मध्ये स्टॅनफर्डमधील संशोधकांना तरुण उंदराशी जोडलेल्या वृद्ध उंदराचे स्नायू आणि यकृत अधिक चांगले भरून येताना दिसले. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमधीलच मेंदूशास्त्रज्ञ टोनी वीस-कोरे यांच्या गटाने नुसता तरुण प्लाझ्मा टोचून वृद्ध उंदरांची स्मृती सुधारल्याचे प्रसिद्ध केले. येथपर्यंत सारे संशोधनाच्या रीतीने चालले होते.

माणसावरचा प्रयोग मात्र मॅके यांच्या प्रयोगांहून जुना आहे. रशियन क्रांतिकारक आणि वैद्य अलेक्सांद्र बोगदानोव यांनी १९२६ मध्ये मॉस्कोत रक्तसंक्रमण संस्था स्थापन केली आणि तरुणांशी रक्ताची अदलाबदल करून स्वतःवर प्रयोग केले. १९२८ मध्ये हिवताप आणि क्षय असलेल्या एका विद्यार्थ्याशी केलेली अदलाबदल त्यांच्या जिवावर बेतली, विद्यार्थी वाचला. बोगदानोव यांचे विज्ञान कच्चे होते. पण त्यांनी कोणाकडून पैसे घेतले नव्हते, आणि धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला होता.

अँब्रोझियाची घडण नेमकी याच्या उलट होती. संस्थापक जेसी कार्मझिन यांनी स्टॅनफर्डमधून वैद्यकाची पदवी घेतली होती, पण त्यांच्याकडे वैद्यकी करण्याचा परवाना नव्हता. कंपनीने २०१६ मध्ये एक ‘चाचणी’ सरकारी नोंदवहीत नोंदवली. ३५ वर्षांवरील कोणीही तिच्यात येऊ शके. आजार असण्याची अट नव्हती. १६ ते २५ वयाच्या दात्यांचा सुमारे दीड लिटर प्लाझ्मा दोन दिवसांत दिला जाई आणि आधी-नंतर रक्ताच्या तपासण्या होत. भाग घेण्याची किंमत होती ८,००० डॉलर, तेव्हाच्या दराने साडेपाच लाख रुपयांच्या आसपास. प्लाझ्मा देणे हा रुग्णालयांतला नेहमीचा उपचार असल्यामुळे नियामकाची वेगळी परवानगी लागली नाही. मान्यताप्राप्त पदार्थ मान्यता नसलेल्या कारणासाठी वापरण्याची ही वाट कायदेशीर होती, आणि इतर अनेक वार्धक्यरोधक क्लिनिकही याच वाटेने चालतात.

या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तो असणेही अवघड होते: ८,००० डॉलर मोजणाऱ्याच्या शिरेत मिठाचे पाणी सोडणार कोण? पैसे देऊन आलेला माणूस आपल्याला बरे वाटते आहे असे सांगण्याकडे आपोआप झुकतो, आणि पैसे घेणाऱ्यालाही तेच ऐकायचे असते. अशी चाचणी कितीही काळजीपूर्वक चालवली तरी उपचार लागू पडतो की नाही हे तिच्यातून कळत नाही. वीस-कोरे यांनीच या विक्रीवर जाहीर टीका केली होती. माणसावरील परिणामाचा पुरावा नसताना लोकांच्या विश्वासाचा गैरफायदा घेतला जात आहे, असा तिचा रोख होता. कंपनीने काही मोजमापे सुधारल्याचे परिषदांत सांगितले, पण चाचणीचे निष्कर्ष तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात आले नाहीत. तरी २०१९ च्या सुरुवातीला पाच अमेरिकी शहरांत सेवा देत असल्याचे कंपनीने जाहीर केले. दर होता लिटरला ८,००० डॉलर, दोन लिटर घेतल्यास १२,०००. जास्त घेणाऱ्याला सवलत, हा हिशेब औषधापेक्षा दुकानाचा अधिक वाटतो.

१९ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला. तरुण प्लाझ्माचा वार्धक्य, स्मृतिभ्रंश वा इतर कोणत्याही अशा कारणासाठी सिद्ध झालेला उपयोग नाही. उलट ॲलर्जी, संसर्ग, फुप्फुसांना इजा आणि हृदयावर अतिभार हे धोके आहेत. त्याच दिवशी अँब्रोझियाने उपचार थांबवत असल्याचे सांगितले.

शेजारीच दुसरे उदाहरण होते. स्टॅनफर्डमध्ये अल्झायमरच्या १८ रुग्णांना तरुण दात्यांचा प्लाझ्मा देऊन पाहिला गेला. खर्च रुग्णांवर नव्हता, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या बाबतीत खरा प्लाझ्मा कधी दिला आणि खोटा कधी, हे त्यांना वा तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: उपचार सहन होतो, पण आकलनशक्तीत सुधारणा दिसली नाही. निष्कर्ष निराश करणारा होता, पण तो मिळाला.

संमतीच्या प्रश्नाची दुसरी बाजू दात्याची आहे आणि ती चर्चेत सहसा मागे पडते. महाविद्यालयीन मुलगा रक्तदान करतो ते अपघातात सापडलेल्या किंवा बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या कोणासाठी तरी. आपला प्लाझ्मा धडधाकट श्रीमंताच्या तारुण्यासाठी जाईल हे त्याला सांगितलेले नसते. महाभारतातली ययातीची कथा येथे आठवतेच, पण तिच्यातला सहसा दुर्लक्षित तपशील असा की, तारुण्य द्यायला नकार देणाऱ्या चार मुलांना बापाने शाप दिला होता. नकाराची किंमत मोजावी लागते तिथे पुरूच्या होकाराला मुक्त संमती म्हणणे कठीण. २०२३ मध्ये अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनी आपल्या १७ वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा घेतला आणि काही महिन्यांत, फायदा आढळला नाही म्हणून, ते बंद केले. भारतात १८ वर्षांखालील व्यक्तीचे रक्त घेताच येत नाही.

भारतीय नियम या व्यापाराला एकंदरीत फारसे अनुकूल नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आहे. रक्तपेढीला फक्त प्रक्रियाखर्च घेता येतो. औषध नियमावलीच्या ‘जे’ परिशिष्टात ज्या व्याधी बऱ्या करण्याचा दावा औषधाला करता येत नाही त्यांची यादी आहे. तिच्यात अकाली वार्धक्यही आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे सांगतात की, संशोधनाचा खर्च सहभागी व्यक्तीवर टाकू नये. अँब्रोझियासारखी चाचणी येथे या शेवटच्या नियमापाशीच अडली असती. मात्र नियम कागदावर असणे आणि मोठ्या शहरांतल्या क्लिनिकांच्या जाहिराती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (तेथे चेहऱ्यासाठी टोचतात तो बिंबाणूयुक्त (प्लेटलेट असलेला) प्लाझ्मा त्याच व्यक्तीच्या रक्तातला असतो, तो उपचार वेगळा.)

आशा पुराव्याच्या पुढे धावते तेव्हा काय होते ते महाराष्ट्राने कोविडकाळात पाहिले. जून २०२० मध्ये राज्याने बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्माचा ‘प्लॅटिना’ प्रकल्प सुरू केला आणि नातेवाईक व्हॉट्सॲपवर दाते शोधत फिरले. देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले: गंभीर आजार वा मृत्यू त्याने टळत नव्हता. राष्ट्रीय उपचारसूचीतून तो वगळला गेला मे २०२१ मध्ये. येथे निदान विक्रेत्याचा स्वार्थ नव्हता आणि समोर मरणारा माणूस होता. वार्धक्याच्या बाजारात ही घाईची सबबही नसते.

दरम्यान विज्ञानानेच पायाखालची फळी काढली. बर्कलीतील इरिना आणि मायकेल कॉनबॉय यांच्या गटाने २०२० मध्ये वृद्ध उंदरांच्या प्लाझ्माचा निम्मा भाग काढून त्याजागी मिठाचे पाणी आणि अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन भरले, तर तरुण रक्ताशिवायच बरेचसे तसे परिणाम दिसले. म्हणजे गुण कदाचित तरुण रक्तात नसून जुने काढून टाकण्यात असावा. बाजाराने हेही लगेच उचलले. आता अमेरिकेत काही क्लिनिक निरोगी लोकांना प्लाझ्मा बदलून देतात आणि यश मोजतात ते डीएनएवरील रासायनिक खुणांवरून काढलेल्या ‘जैविक वया’ने. हे वय कमी आल्याने माणूस जास्त जगतो किंवा कमी आजारी पडतो, हे अजून सिद्ध झालेले नाही. पण अहवालावर तो आकडा छापता येतो आणि त्याचे पैसे आकारता येतात.