चॅनेल 19 वरची शिट्टी

‘मोबाइल आला आणि अमेरिकी ट्रकवाल्यांचा सीबी रेडिओ गेला’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. (सीबी म्हणजे सिटिझन्स बँड: सामान्य नागरिकांनी गाडीत बसवून आपापसांत बोलायचा छोटा रेडिओ.) ऐकायला पटतंही, फक्त तारखा जुळत नाहीत. अमेरिकेतली पहिली व्यावसायिक मोबाइल सेवा शिकागोत सुरू झाली ऑक्टोबर 1983 मध्ये, आणि तो फोन साध्या ड्रायव्हरच्या खिशाला परवडायला पुढे कित्येक वर्षं गेली. सीबीची लाट त्याआधीच ओसरली होती.

लाट आणली तेलाने. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, डिझेलची बोंब झाली आणि 1974 च्या सुरुवातीला देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा आली. मैलाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्या ट्रकवाल्याच्या पोटावरच तो पाय होता. सीबीचा 27 मेगाहर्ट्झचा नागरी पट्टा 1958 पासून खुला होता. तो आता कामाला आला. ‘ब्रेकर वन-नाइन’ (ट्रकवाल्यांच्या चॅनेल 19 वर मला बोलू द्या) अशी हाक द्यायची आणि कुठल्या पंपावर डिझेल आहे, कुठल्या पुलाआड ‘स्मोकी’ म्हणजे पोलीस दबा धरून बसलाय, ते सांगायचं. खरी ओळख दिली तर आपणच सापडणार, म्हणून प्रत्येकाचं टोपणनाव. मग मोटारवालेही घुसले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या नावाने बोलायच्या. 23 चॅनेल पुरेनात, म्हणून 1 जानेवारी 1977 पासून 40 झाले.

पण चॅनेल वाढले तरी सगळी गर्दी 19 वरच. आणि एएम पद्धतीत, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त करण्याच्या पद्धतीत, गर्दी झाली की नुसता गोंगाट होत नाही, शिट्टी वाजते. मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

एएम सेटचं बटण दाबलं की माणूस गप्प असला तरी एक वाहक लहर सतत बाहेर पडते. तिची वारंवारिता सेटमधल्या स्फटिकावर ठरते आणि त्यात 0.005 टक्के चूक नियमांनाही मान्य होती. 27 मेगाहर्ट्झचे 0.005 टक्के म्हणजे सुमारे 1,350 हर्ट्झ. दोन सेट विरुद्ध बाजूंना चुकले तर फरक 2,700 हर्ट्झपर्यंत जातो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात लाटा येतात ना, तेच इथे घडतं. तंबोऱ्यात फरक सेकंदाला दोन-तीन कंपनांचा, म्हणून लाट मोजता येते. इथे तो हजारांत, म्हणून स्पीकरमधून कर्कश शिट्टी. गंमत अशी की ज्याचा एक शब्दही कळत नाही, अशा दूरच्या सेटची वाहक लहरसुद्धा शिट्टी वाजवायला पुरते.

दूरच्या म्हणजे किती? 4 वॅटचा सेट रस्त्यावर काही मैलच पोचतो. पण वर आयनांबर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे 250 ते 400 किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि रेडिओ लहरींना वाकवून खाली धाडतात. सरळ वर सोडलेली लहर एका ठरावीक वारंवारितेपर्यंतच परत येते. खूप तिरपी सोडली तर त्याच्या जवळपास तिपटीपर्यंत. सूर्य शांत असताना दुपारी ही सरळ मर्यादा 6-7 मेगाहर्ट्झ धरा. तिप्पट झाली 20 च्या आसपास, म्हणजे 27 ची लहर आरपार अवकाशात. सूर्यावर डाग वाढले की तीच मर्यादा 10-12 वर जाते, तिप्पट तिशीपार, आणि 27 ची लहर एका उडीत तीन-चार हजार किलोमीटरवर उतरते.

आता तारखा पाहा. सौरचक्राचा तळ 1976 चा, शिखर 1979 च्या अखेरीचं. लोकांनी सेट घेतले ते सूर्य शांत असताना. पट्टा गच्च भरल्यावर सूर्य जागा झाला. टेक्सासातल्या ड्रायव्हरच्या कानात भर दुपारी अर्ध्या अमेरिकेची खरखर. ती दाबायला त्याने स्क्वेल्चचं, म्हणजे ठरावीक जोरापेक्षा क्षीण आवाज बंद करणारं, बटण पिळलं की मैलभर पुढच्या ट्रकचा आवाजही गायब. नवलाई ओसरणं होतंच, पण माझ्या मते या दुखण्याला द्यावं तितकं श्रेय कुणी देत नाही. मोबाइलने पुढे फक्त उरलंसुरलं नेलं.



एफएममध्ये, म्हणजे ताकदीऐवजी वारंवारिता बदलणाऱ्या पद्धतीत, ही शिट्टी नसते. दोन लहरी आल्या तर रिसीव्हर जोरकस असेल तीच धरतो आणि दुसरी जवळजवळ पुसून टाकतो. अमेरिकेने सीबीवर एफएमला परवानगी दिली 2021 मध्ये. ट्रकांमधले जुने एएम सेट मात्र अजून चालू आहेत, आणि त्यांवर एफएमचं बोलणं धड कळत नाही. त्यामुळे नवा सेट घेतला तरी 19 वर बोलताना पुन्हा एएमचंच बटण दाबावं लागतं.