थेट तपासणी (कर्करोग निदान)

कर्करोगाची शंका आल्यावर फॅमिली डॉक्टरने रुग्णाला आधी तज्ज्ञाकडे न पाठवता सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय स्वतःच लिहून देण्याची पद्धत. तज्ज्ञाची वेळ मिळेपर्यंतचे दिवस यात वाचतात. इंग्लंडच्या एनएचएसने (तिथली सरकारी आरोग्यसेवा) नोव्हेंबर २०२२ मध्ये ही मुभा वाढवली. लक्षणे काळजीची, पण तातडीने तज्ज्ञाकडे पाठवण्याच्या निकषांत न बसणारी, अशा रुग्णांसाठी ती होती.

ठाणे व नवी मुंबईत खासगी केंद्रावर फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी पूर्वीपासून चालते. इथे उशीर होतो तो चुकीची तपासणी निवडल्याने आणि रिपोर्ट हातात आल्यानंतर.

नुसते ‘पोटाची सोनोग्राफी’ लिहून भागत नाही. वय, लक्षण किती दिवसांचे, वजन किती घटले, तंबाखू, आधीची ऑपरेशने आणि नेमके काय शोधायचे हे चिठ्ठीत हवे. कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन सीटी करायचा असल्यास क्रिएटिनिन या मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा ताजा रिपोर्ट सोबत द्यावा, नाहीतर रुग्णाला केंद्रावरून परत पाठवले जाते.

तोंडातली जखम वा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर स्कॅन नव्हे, तुकडा तपासणी (बायोप्सी) लागते. गुटखा खाणाऱ्यांत व मिश्री लावणाऱ्यांत मलम आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर महिने जातात, हे थांबलेच पाहिजे. स्तनातल्या गाठीसाठी मॅमोग्राफी-सोनोग्राफी, मग जाड सुईने तुकडा काढून तपासणे, म्हणजे कोअर बायोप्सी. निदानाआधीच गाठ काढून टाकली की पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. रेंगाळलेल्या खोकल्यात थुंकी न तपासता क्षयाची औषधे सुरू करू नयेत. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून फुप्फुसाचा कर्करोग नाही असेही ठरत नाही. लॅबच्या ‘कॅन्सर पॅकेज’मधले सीए-१२५ (अंडाशयाच्या कर्करोगासाठी रक्तात तपासले जाणारे प्रथिन) पाळीत आणि एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढते, तर कर्करोग असूनही ते नॉर्मल येऊ शकते. त्यावर पैसे घालवू नयेत.

बायोप्सीचा तुकडा लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (पेशी टिकवणारे द्रावण), तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात, रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवावा. सलाइनमध्ये राहिला तर पेशी खराब होतात, स्तनाच्या तुकड्यावरच्या ईआर, पीआर, हर-२ या, कोणते औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या चाचण्यांवर विश्वास ठेवता येत नाही आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. लॅबमधून रिपोर्टबरोबर स्लाइड (काचेवरचा पातळ काप) आणि ब्लॉकही (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्यावेत; परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रात ते पुन्हा पाहिले जातात.

रिपोर्ट कोण वाचणार आणि कोणत्या तारखेला, हे चिठ्ठी देतानाच ठरवावे. दिवा किंवा ऐरोलीचा रुग्ण कामावरून सुटल्यावर रिपोर्ट घेतो, ‘विशेष दोष नाही’ वाचतो आणि डॉक्टरकडे फिरकत नाही. लक्षण टिकून असेल तर नॉर्मल रिपोर्टनंतरही तज्ज्ञाकडे पाठवावे.

न दुखणारी कावीळ, वाढती कडक गाठ किंवा पाळी बंद झाल्यानंतरचा रक्तस्राव असेल, तर आधी तपासण्या करून घेण्यासाठी थांबू नये. त्याच दिवशी चिठ्ठी देऊन थेट तज्ज्ञाकडे धाडावे. स्कॅन तिथे होईल.