यूएक्स (वापरकर्त्याचा अनुभव) डिझाइनचं काम आम्ही कसं करतो

आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सुरुवातीलाच म्हणतात, "अ‍ॅप जरा देखणं करून द्या." देखणं करूच. पण त्याआधी ते वापरणारी पाच माणसं आम्हाला भेटवा. तुमच्या ऑफिसातली नकोत, त्यांना सगळी बटणं पाठ असतात.

प्रत्येकाला आम्ही एक काम देतो, समजा ‘नवीन खातं उघडा’, आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगतो. मदत करत नाही. बोट कुठे अडलं, कुठला शब्द दोनदा वाचला, माणूस कुठून मागे फिरला, एवढंच टिपून घेतो. त्या वेळी तुम्हीही मागे बसा, हा आमचा आग्रह असतो. "अहो, इथे दाबा" हे अगदी ओठांवर येतं, पण गप्प राहायचं. स्वतःच्या डोळ्यांनी ती अडचण पाहिलेला ग्राहक पुढे बटणाच्या रंगावरून वाद घालत बसत नाही.

पाचच का? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या हिशेबात एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात; पाच जणांपर्यंत हा आकडा ८५ टक्क्यांच्या आसपास जातो. ही सरासरी आहे, प्रत्येक अ‍ॅपला तंतोतंत लागू होईलच असं नाही. डॉक्टर आणि रुग्ण असे दोन वेगळे गट एकच अ‍ॅप वापरत असतील, तर दोन्हींकडची माणसं लागतात. पण पंधरा जणांना एकदमच बसवण्यापेक्षा पाच जण, मग दुरुस्ती, मग नवे पाच, हे केव्हाही चांगलं.

फॉर्मचंच बघा. माणूस सगळे रकाने भरून ‘पुढे’ दाबतो आणि वर लाल अक्षरांत उमटतं, ‘अवैध माहिती’. कुठली, ते कळत नाही. त्यात भरलेलं सगळं पुसलं गेलेलं! आम्ही तिथे चुकलेल्या रकान्याखालीच लिहितो, ‘पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा, तुमचा ६ अक्षरांचा आहे’, आणि बाकीचे रकाने जसेच्या तसे ठेवतो. खरं तर ही अट टाइप करण्याआधीच दिसायला हवी. आमच्या मते नव्या लोगोपेक्षा हे काम आधी व्हावं.

यानंतर कागदावर कच्चे आराखडे, मग क्लिक करता येईल असा प्रोटोटाइप (नमुना), आणि त्याचीही तशीच चाचणी. कोड लिहायला घेण्याआधी बदल स्वस्तात होतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) निदान ४.५ : १ आहे का, बटण अंगठ्याने नीट दाबता येतं का, हे आम्ही प्रत्येक स्क्रीनवर तपासतो. उत्तर यायला एक सेकंदाहून जास्त लागत असेल, तर काम चालू असल्याची खूण दाखवतो.

पहिल्या भेटीला येताना ग्राहक-सेवेकडे आलेल्या अलीकडच्या तक्रारी, लोकांच्याच शब्दांत, आणि अ‍ॅपच्या सर्चमध्ये लोक काय टाइप करतात त्याची यादी घेऊन या. नावं, फोन नंबर आधी काढून टाका.