काळ्या मोहऱ्यांचा भक्कम बचाव (बुद्धिबळ)

पांढऱ्याच्या एक खेळी मागे राहूनही केंद्रातला वाटा न सोडता प्रत्येक मोहरे जोरात (दुसऱ्या मोहऱ्याच्या आधाराखाली) ठेवणारी काळ्याची मांडणी. फ्रेंच, पेट्रॉव्ह, बर्लिन, कारो-कान आणि स्लाव्ह हे बचाव सामान्यतः या वर्गात धरतात. कोकणातल्या घरगुती पटावर घडलेल्या खेळाडूला त्यांतील कारो-कान आणि स्लाव्ह ही जोडी सर्वांत सोयीची ठरते.

याचे कारण देशी पद्धतीत आहे. ओटीवर किंवा पडवीत पट मांडणारी जुनी पिढी बहुधा याच पद्धतीने खेळे. तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकते, कॅसलिंग (राजा व हत्ती यांची एकत्रित खेळी) नसते आणि राजाला शह लागण्यापूर्वी एकदा अडीच घरे जाता येते. त्यामुळे या दोन्ही बचावांतली सी६ (सी या उभ्या रांगेतले प्यादे सहाव्या आडव्या रांगेवर) ही एका घराची खेळी अशा खेळाडूच्या हाताला सहज येते. मात्र राजा मध्यावर ठेवण्याची सवय त्याला नडते. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याने वेळीच कॅसलिंग करावे.

कारो-कान हे नाव बर्लिनमधील होरेशियो कारो आणि व्हिएन्नाचा मार्कुस कान यांच्यावरून पडले. त्यांचे विश्लेषण १८८६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी, १८८५ साली हँबुर्ग येथे कानने याच बचावाने जर्मन खेळाडू मीझेसला २४ खेळ्यांत हरवले होते. इटालियन खेळाडू पोलेरिओच्या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या टिपणांत ई४ ला सी६ हे उत्तर आढळते, असेही सांगतात. ते ग्राह्य धरले तर या दोघांना जनक न म्हणता पद्धतशीर मांडणी करणारे म्हणणे अधिक योग्य.

कारो-कानची मुख्य ओळ (खेळ्यांचा क्रम) अशी; नुसते घर म्हणजे प्याद्याची खेळी, × म्हणजे मारणे आणि आकड्यापुढचे ... म्हणजे काळ्याची खेळी: १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ उंट एफ५ ५. घोडा जी३ उंट जी६ ६. एच४. येथे एच६ खेळून उंटाला एच७ हे घर मोकळे करावे. त्याऐवजी ६...ई६ केल्यास ७. एच५ नंतर उंट एफ५ वर नेऊन घोड्याच्या बदल्यात द्यावा लागतो. ३. ई५ वर उंट एफ५ चांगला; पण ४. एच४ ला ई६ दिले, तर ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५ ने उंट अडकतो. तेथे ४...एच५ हवे.

चौथ्या खेळीला उंटाऐवजी घोडा डी७ खेळणाऱ्यांनी ५. वजीर ई२ पाहताच सावध व्हावे. जी८ चा घोडा एफ६ वर आणला, की ६. घोडा डी६ ने मात होते: ई७ चे प्यादे वजिराच्या रेषेत राजापुढे जखडलेले असते. डी७ चाच घोडा एफ६ वर न्यावा.

डी४ ला उत्तर म्हणून स्लाव्ह: १. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घोडा एफ३ घोडा एफ६ ४. घोडा सी३ डी×सी४ ५. ए४ उंट एफ५. चौथ्या खेळीलाच उंट बाहेर काढला, तर ५. सी×डी५ सी×डी५ ६. वजीर बी३ ने बी७ उघडे पडते.

फ्रेंचमध्ये ई६ मुळे सी८ चा उंट कोंडतो. बर्लिन बचावाने २००० साली लंडनमध्ये क्रॅमनिकने कास्पारॉव्हला रोखून जगज्जेतेपद मिळवले. पण त्यात वजीर लवकर पटावरून जातात आणि पुढचा डाव अंतिम टप्प्याच्या जाणकारालाच पेलतो.