दूरपल्ल्याची नेमबाजी : शिकारी रायफल व साधी दुर्बीण

कारखान्यातून आली तशी, फेरफार न केलेली बोल्ट-अ‍ॅक्शन (दर बारानंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस भरण्याची) शिकारी रायफल आणि तिच्यावर बसवलेली कमी विशालनाची दुर्बीण एवढ्याच साधनांनी लांबच्या स्थिर लक्ष्यावर केलेली नेमबाजी. ‘लांब’ कशाला म्हणावे यावर मतैक्य नाही. ब्रिटिश धर्तीच्या स्पर्धांत साधारणपणे ८०० यार्डांपासून (सु. ७३० मी.) दूर पल्ला धरतात, शिकारी ३०० यार्डांपलीकडचे सारेच दूर मानतात. दुर्बिणीची मांडणी न बदलता, नेम वर न धरता गोळी जनावराच्या मर्मभागात पडेल ते अंतर संपले की दूर पल्ला सुरू झाला, ही व्याख्या अधिक सोयीची वाटते. ०.३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी ही मर्यादा २५० यार्डांच्या आसपास येते.

रायफलीवर दुर्बीण प्रथम कोणी बसवली हा वादाचा विषय आहे. अमेरिकन चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांनी १७७६ च्या सुमारास असे प्रयोग केल्याचे त्यांच्या दैनंदिनीवरून दिसते व खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांचे नावही त्या संदर्भात घेतले जाते. दुर्बीण डोळ्यापासून पुरेशी पुढे बसवता न आल्याने बार उडताच नेत्रिका डोळ्यावर आदळे, असे सांगतात. त्यामुळे पील यांना आद्यत्वाचा मान दिला तरी वापरायोग्य साधनाचे श्रेय त्यांच्याकडे जात नाही. अशी साधने बहुधा १८३५ ते १८४० च्या दरम्यान आली. अभियंता जॉन चॅपमन यांच्या कल्पनेवरून न्यूयॉर्क राज्यातील बंदूककार मॉर्गन जेम्स यांनी घडवलेली लांब नळीची दुर्बीण प्रसिद्ध आहे. त्याच राज्यातील विल्यम माल्कम यांनी १८५५ मध्ये अवर्णी (प्रतिमेच्या कडेचे रंग टाळणारी) भिंगे वापरली व उंची आणि वाऱ्यासाठीची जुळवणी सुधारली. आजच्या साध्या दुर्बिणीची परंपरा चॅपमन–माल्कम यांच्यापासून मोजणे अधिक सयुक्तिक.

दूर पल्ला गाठण्यासाठी मात्र दुर्बीण अपरिहार्य नव्हती. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे अमेरिकन व आयरिश संघांचा सामना ८००, ९०० व १,००० यार्डांवर झाला, तोही दुर्बिणीविना. अमेरिकनांनी तो ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी जिंकला (एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर गेली नसती तर निकाल कदाचित उलटा लागता). साध्या रायफलीच्या बाजूने हा दाखला वारंवार दिला जातो. तो पूर्णपणे लागू पडत नाही, कारण त्या रायफली खास लक्ष्यवेधासाठी बांधलेल्या होत्या.

साध्या दुर्बिणीत विशालन बहुधा ३ ते ९ पट, वस्तुभिंग ४० मिमी. आणि नळी १ इंच व्यासाची असते. जुळवणीची चकती फिरवताना होणाऱ्या एका क्लिकने नेम पाव कोनीय मिनिटाने सरकतो. एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, १,००० यार्डांवर सु. साडेदहा इंच. ०.३०८ ची १६८ ग्रेन वजनाची, सेकंदाला २,६५० फूट मुखवेगाची गोळी १०० यार्डांवर झिरो केल्यास (त्या अंतरावर नेम व मारा जुळवल्यास) ५०० यार्डांसाठी सुमारे १२ मिनिटे आणि १,००० यार्डांसाठी ३८ ते ४० मिनिटे चढवावी लागतात. एकूण ५० मिनिटांचा वाव असलेली दुर्बीण मधोमध बसली असेल, तर वर जेमतेम २५ मिनिटे उरतात आणि हिशेब ७५० यार्डांच्या आसपास संपतो. दुर्बिणीखाली २० मिनिटांचा पुढे उतरता बैठकपाट (दुर्बीण बसवण्याची पट्टी) लावून ही अडचण दूर करतात.

क्लिकचे छापील मूल्य खरे असेलच असे नाही. त्यात ५ टक्के चूक असेल, तर १,००० यार्डांवर सुमारे अर्धा मीटर फरक पडतो. म्हणून जवळच्या उंच कागदावर क्लिक मोजून पाहणे हाच पहिला धडा मानावा. पराशयदोषाला (डोळा हलल्याने नेम सरकल्यासारखा दिसण्याला) मात्र वाजवीपेक्षा अधिक दोष दिला जातो. १५० यार्डांवर जुळवलेल्या ४० मिमी. वस्तुभिंगाच्या दुर्बिणीत डोळा अगदी कडेला गेला तरी १,००० यार्डांवरील चूक गणिताने सुमारे ११ सेंमी. भरते, दस्त्यावर गाल दर वेळी त्याच जागी टेकवल्यास ती आणखी घटते.

खरा अडसर वाऱ्याचा. ताशी १६ किमी. वेगाचा आडवा वारा हीच गोळी ५०० यार्डांवर सुमारे अर्धा मीटर, तर १,००० यार्डांवर सुमारे अडीच मीटर सरकवतो. विचलन केवळ उड्डाणकाळावर ठरत नाही. निर्वात अवकाशात लागणाऱ्या वेळेपेक्षा गोळीला हवेत जितका अधिक वेळ लागतो, त्या विलंबाच्या प्रमाणात ते वाढते. त्यामुळे अंतर दुप्पट झाले की चूक दुपटीहून बरीच जास्त होते. गोळीच्या फिरकीमुळे होणारे विचलन त्यामानाने किरकोळ. १,००० यार्डांच्या आगेमागे गोळी ध्वनिवेगाजवळ येते व काही आकारांच्या गोळ्या तेथे डळमळू लागतात.

शिकारी रायफलीची पातळ नळी काही बारांतच तापते व गोळ्यांची जागा सरकू लागते. लाकडी दस्ता दमट हवेत फुगून नळीला टेकला तरी तेच होते. तीन बारांनंतर नळी निवू देण्याचा प्रघात आहे.

सजीव लक्ष्यावर इतक्या दुरून बार टाकणे अनेक शिकाऱ्यांना अमान्य आहे, कारण ५०० यार्डांवरही गोळीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात जनावर पाऊल टाकू शकते.

कॅनडात उगम पावलेल्या एफ-क्लास स्पर्धांत दुर्बीण व टेकू दोन्ही चालतात. त्यांतील एफ-टीआर गटात ०.२२३ रेमिंग्टन व ०.३०८ विंचेस्टर ही दोनच काडतुसे आणि ८.२५ किग्रॅ.ची वजनमर्यादा आहे. या काडतुसांच्या साध्या शिकारी रायफलीला तेथे मज्जाव नाही, पण जाड नळीच्या खास रायफलींपुढे ती गुणांत मागे पडते.