व्यवस्थापन शिक्षण (कोकण किनारपट्टी)

उद्योग, संस्था किंवा सेवा उभारणे, चालवणे आणि टिकवणे यांचे विद्यापीठीय शिक्षण. पालघर ते सिंधुदुर्ग ही महाराष्ट्राची किनारपट्टी मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) कार्यक्षेत्रात येते. येथे हे शिक्षण मुख्यतः पदवीला बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) आणि पदव्युत्तर पातळीवर एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या अभ्यासक्रमांतून मिळते. एमएमएस हा एमबीएच्या तोडीचा, दोन वर्षांचा व चार सत्रांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या वर्षी हिशेबशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवस्थापकीय अर्थशास्त्र, उत्पादन व्यवस्थापन असे पायाचे विषय असतात. दुसऱ्या वर्षी वित्त, विपणन, मनुष्यबळ यांपैकी एखाद्या शाखेत विशेषीकरण करता येते, आणि मधल्या उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत प्रत्यक्ष काम करून प्रकल्प सादर करायचा असतो.

या शिक्षणाची घडण अमेरिकी आहे. कोलकाता आणि अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये निघाल्या. मुंबई विद्यापीठाने जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय विद्यालयाच्या सहकार्याने सुरू केली. एखाद्या कंपनीपुढचा खरा पेच वर्गात मांडायचा आणि ‘तुम्ही काय केले असते?’ असे विचारायचे, ही हार्वर्डमध्ये रुजलेली केस पद्धत त्याच वाटेने आपल्याकडे आली.

एमएमएसचा प्रवेश मुख्यतः राज्याच्या सीईटीतून होतो. पदवीला ५० टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ४५ टक्के) ही किमान अट आहे. २०२४-२५ पासून बीएमएससारखे पदवी अभ्यासक्रमही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आकडेमोडीपेक्षा इंग्रजीतले सादरीकरण आणि गटचर्चा जड जाते. त्याची तयारी पहिल्याच सत्रापासून करून घेणारी महाविद्यालये या मुलांचे मोठे काम करतात.

कोकणचे स्वतःचे सर्वसाधारण विद्यापीठ नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ (१९७२) आणि लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ (१९८९) विशिष्ट विषयांची आहेत. मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर रत्नागिरीत असला तरी स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी अधूनमधून उठत राहते. सावंतवाडी-कुडाळकडचा मुलगा मुंबईतल्या मुलाखतीला रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरून जातो, हे लक्षात घेतले की त्या मागणीमागची कळ समजते.

अभ्यासक्रमातली उदाहरणे बहुतेक मोठ्या कंपन्यांची असतात. कोकणात मात्र खेळते भांडवल (विक्रीचा पैसा हाती येईपर्यंत खर्च भागवणारी रक्कम) शिकवायला हापूसच्या बागेइतका चांगला धडा दुसरा नाही. खते पावसाळ्याच्या सुरुवातीला घालायची, कल्टार (मोहोर लवकर यावा म्हणून मुळाशी घालायचे संजीवक) जुलै-ऑगस्टमध्ये, मोहोर आला की एकामागून एक फवारण्या, मग राखणीला गुरखे, काढणीला झेल्यावाले (जाळीच्या काठीने आंबे उतरवणारे) गडी, पेट्या, पेंढा, वाशीचे गाडीभाडे. खर्च जवळजवळ वर्षभर चालतो आणि पैसा येतो तो मार्च ते मे या अडीच-तीन महिन्यांत. मधली पोकळी पीककर्जाने भरली नाही तर दलालाकडून उचल घ्यावी लागते. उचल घेतली की माल त्याच्याच पेढीवर घालायचा, आणि भाव किती मिळाला ते नंतर पट्टी (दलालाचा विक्रीचा हिशेब) आल्यावर कळायचे.

ही पट्टी वर्गात टेबलावर ठेवावी. किती पेट्या गेल्या, कुठल्या आकाराला काय भाव लागला, गाडीभाडे, हमाली आणि उचलीपोटी किती वळते झाले, हे सगळे एका कागदावर असते. मग विचारावे, या बागायतदाराने उचल न घेता बँकेचे व्याज भरले असते तर? चढ्या भावाची वाट बघत फळ झाडावर ठेवण्यात साक्याचा (गर आतून पांढरट, स्पंजासारखा होण्याचा) धोका किती? मे महिन्यात वळवाच्या भीतीने उरलेला आंबा कॅनिंगला किलोवर देणे केव्हा शहाणपणाचे ठरते? वित्त, विपणन आणि जोखीम हे तिन्ही विषय इथे एकत्र येतात, आणि वर्गातल्या अनेक मुलांच्या घरी ही पट्टी दर वर्षी येत असते. असा धडा अभ्यासक्रमात ऐच्छिक नव्हे, सक्तीचा असायला हवा.

कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही परराज्यातला आंबा हापूस म्हणून बाजारात खपतो. मानांकनाचा फायदा हवा तर बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि आपली पेटी ओळखता येईल अशी खूण ग्राहकापर्यंत पोचवावी लागते. नाममुद्रा (ब्रँड) म्हणजे काय, हे यातून फार स्पष्ट कळते.

मासेमारीतही असाच ऐवज आहे. १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात, पण कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. अनेक ठिकाणी फेरीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ आणि शिधा वजा करून उरलेली रक्कम मालक, तांडेल (नौकेचा म्होरक्या) आणि खलाशी यांच्यात वाट्याने विभागतात. मोबदला आणि जोखीम यांची सांगड कशी घालावी, हा मनुष्यबळाच्या पेपरातला प्रश्न इथे बंदरावर रोज सोडवला जातो.

पदवीनंतर बँका, विमा, हॉटेल व्यवसाय, लोटे-परशुराम आणि महाडच्या औद्योगिक वसाहती, तसेच उरणजवळचे न्हावा शेवा बंदर येथे नोकऱ्या मिळतात. बंदरामुळे रायगडात मालवाहतूक व गोदाम व्यवस्थापनाला विशेष वाव आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाल्यापासून मालवण-तारकर्लीकडे घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबांतली मुलेही या अभ्यासक्रमांकडे वळू लागली आहेत. त्यांना नोकरीपेक्षा खोल्यांचे दर, ऑनलाइन आरक्षण आणि पावसाळ्यातले रिकामे चार महिने यांचा हिशेब शिकायचा असतो.